पाणी पोचायच्या आधी दार उघडायचं: कालवे, धरणं आणि पूर्वानुमानी नियंत्रण

ओघळ (धागाकर्ता)

कालव्याचं वरचं दार उघडलं की पाणी खाली लगेच पोचत नाही. यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. पण कालवे, धरणं, पंपघरं चालवण्यातली निम्मी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

आकडे घेऊनच बघू. दोन दारांमधला कालव्याचा एक टप्पा घ्या. (इंग्रजीत याला 'पूल' म्हणतात. मी एकदा मराठीत तसं म्हणालो तर समोरचा नदीवरचा पूल समजून दहा मिनिटं ऐकत होता. म्हणून टप्पा.) टप्प्याच्या वरच्या भागात पाणी उताराने मोकळं वाहतं, खालच्या भागात पुढच्या दाराने अडवल्यामुळे तुंबलेलं असतं. मोकळा भाग २४०० मीटर लांब, वेग सेकंदाला ०.६ मीटर. विसर्ग वाढवला की ती वाढ पाण्याच्या कणांपेक्षा वेगाने खाली सरकते, रुंद कालव्यात साधारण ५/३ पट. म्हणजे सेकंदाला १ मीटर. तुंबलेल्या भागाशी पोचायला २४०० सेकंद, ४० मिनिटं. त्या भागाचा पृष्ठभाग धरू २४,००० चौरस मीटर.

आता आठ वाजता खालच्या फाट्याला १ क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर) पाणी सोडायचंय. वरचं दारही बरोबर आठला उघडलं, तर नवं पाणी येईपर्यंतच्या ४० मिनिटांत फाट्याने २४०० घनमीटर ओढून नेलेलं असेल. पातळी १० सेंटीमीटर खाली. शिवाय ती आपोआप वर येत नाही. आवक-जावक बरोबरीत आली की जिथे घसरली तिथेच बसून राहते. पातळी घसरलेली दिसल्यावर मगच हलणारा साधा नियंत्रक लावला, तर घसरण १० पेक्षाही जास्त, कारण त्याला कळेपर्यंत वेळ गेलेला असतो आणि वर पुन्हा ४० मिनिटं थांबायचंय. तेच दार सात वीसला उघडलं, तर काहीच होत नाही. काहीच न होणं हे आमच्या धंद्यात यश.

पूर्वानुमानी नियंत्रण (मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल, यापुढे एमपीसी) हे काम पद्धतशीर करतं. दर दहा मिनिटांनी पातळ्या मोजायच्या. पुढच्या सहा तासांच्या मागण्या आणि आवक यांचा अंदाज घ्यायचा. दारं अशी-अशी हलवली तर काय होईल हे मॉडेलला विचारायचं, आणि सगळ्यांत कमी 'दंड' (ठरलेल्या पातळीपासून जितकं दूर, तितका जास्त आकडा) बसेल असा हालचालींचा क्रम शोधायचा. त्यातली फक्त पहिली हालचाल खरोखर करायची आणि बाकीचा क्रम टाकून द्यायचा. दहा मिनिटांनी नव्या मोजमापांवर पुन्हा पहिल्यापासून. बुद्धिबळात माणूस पाच चाली पुढचं बघतो, पण पटावर एकच खेळतो, तसं.

मॉडेल फार भारी लागतं असंही नाही. उघड्या प्रवाहाची पूर्ण समीकरणं सँ-व्हनाँने १८७१ मध्येच लिहून ठेवलीत. पण दर दहा मिनिटांनी शेकडो पर्याय तपासायला ती जड पडतात. म्हणून बहुतेक ठिकाणी प्रत्येक टप्प्याला दोनच आकडे देतात: उशीर किती आणि साठवणीचा पृष्ठभाग किती. वरच्या उदाहरणातले ४० मिनिटं आणि २४,००० चौरस मीटर, बस्स.

इथे कुणी नियंत्रणशास्त्रातलं किंवा प्रत्यक्ष पाण्यावर काम केलेलं असेल तर वाचायला आवडेल. शंका, शिव्या, सगळं चालेल.

पाणकावळा

पहिला! वाखूसा (वाचनखूण साठवली).

शंका: आमच्या गच्चीवरच्या टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह आहे. पातळी उतरली की उघडतो, चढली की मिटतो. गेली वीस वर्षं एकाही समीकरणाशिवाय. मग ही कसरत कशाला? आणि तुमच्या बुद्धिबळात समोर बसलेला कोण?

ओघळ

टाकीत व्हॉल्व्ह उघडला त्या क्षणी पाणी पडायला लागतं, उशीर जवळपास शून्य. तिथे एमपीसी लावणं म्हणजे माशी मारायला तोफ. पण त्याच व्हॉल्व्हच्या मागे तीन किलोमीटरचा उघडा पाट जोडून बघा. पातळी उतरली, व्हॉल्व्ह उघडला, पाणी येईना, म्हणून आणखी उघडला, आणि मग सगळं एकदम आलं आणि टाकी भरून वाहायला लागली. असे दहा टप्पे एकामागे एक जोडले की खालच्या टोकाची छोटी लहर टप्प्याटप्प्याने वर जाताना वाढत जाते. मग सगळ्यात वरच्या टप्प्यावर कधी कोरडं, कधी काठावरून वाहतंय.

समोर बसलेला: पाऊस. तो आपल्याविरुद्ध खेळत नाही एवढंच बरं.

निवळशंख

छान धागा. मी पाण्यातली नाही, रिफायनरीतली. पण ही पद्धत आमच्याच घरातून गेलीय. १९७० च्या दशकात शेल या तेलकंपनीत कटलर आणि रामाकर यांनी 'डायनॅमिक मॅट्रिक्स कंट्रोल' बांधलं, आणि साधारण त्याच सुमारास फ्रान्समध्ये रिशाले आणि मंडळींनी स्वतंत्रपणे तसंच काहीसं केलं. विद्यापीठांनी सिद्धांत नंतर रचला, आधी कारखान्यात चाललं.

आमच्याकडे ते का रुजलं याचं कारण थोडं वेगळं आहे. उशीर आमच्याकडेही असतो, पण खरा फायदा मर्यादा पाळण्यात. भट्टीचं तापमान अमुकच्या वर नको, दाब तमुकच्या खाली नको, आणि नफा नेमका त्या मर्यादेला चिकटून चालवण्यात. साध्या पीआयडी नियंत्रकाला (चूक दिसेल तशी दुरुस्ती करणाऱ्या) मर्यादा ठाऊकच नसते. तो धडकतो, मग ऑपरेटर धावतो. एमपीसीला मर्यादा आधीपासून माहीत असते.

पाण्यातल्या मंडळींना एक फुकटचा सल्ला. पातळीच्या सगळ्या मर्यादा कडक ठेवू नका. आम्ही एका युनिटवर तशा ठेवल्या होत्या. पहाटे तीनला एक मापक बिघडला, त्याचं वाचन मर्यादेबाहेर गेलं, आणि सॉल्व्हरने (उत्तम क्रम शोधणाऱ्या प्रोग्रामने) शांतपणे उत्तर दिलं: 'उकल अस्तित्वात नाही'. गणिताच्या दृष्टीने अगदी खरं. पण व्हॉल्व्हला काय सांगायचं? तेव्हापासून प्रत्येक मर्यादेला थोडी ढील देते आणि त्या ढिलीला जबर दंड लावते. मोडायला परवानगी आहे, पण महाग पडेल.

ओघळ

निवळशंख, +१००. पाण्यात तर हे फारच लागतं. पूर आलाय आणि पातळी मर्यादेच्या वर गेलीच आहे, तेव्हाच तर नियंत्रकाचं डोकं चालायला हवं. तेव्हाच तो 'उकल नाही' म्हणाला तर काय उपयोग. कडक फक्त भौतिक मर्यादा ठेवायच्या: दार शून्याच्या खाली बंद होत नाही, पंप क्षमतेपेक्षा जास्त ओढत नाही.

गेज_वाचक

मी एकतीस वर्षं कालव्यावर होतो. आता निवृत्त. तुमचं लिखाण नातवाने मोठ्या अक्षरात करून दिलं, दोनदा वाचलं.

तुम्ही सात वीसला दार उघडा म्हणता. आम्ही ते करतच होतो. कुठल्या फाट्याला किती वाजता पाणी लागणार याची चिठ्ठी असायची, आणि कुठून कुठे पाणी पोचायला किती वेळ लागतो हे डोक्यात असायचं. उन्हाळ्यात वेगळं, गवत वाढल्यावर वेगळं. कॉम्प्युटरने नवीन काय केलं?

दुसरं. तुमचा यंत्रमाणूस दर दहा मिनिटांनी दार हलवणार. मोटर किती दिवस टिकेल? आमच्या दारांची मळसूत्रं आधीच कुरकुरत होती.

तिसरं. मापकाच्या विहिरीत गाळ भरला, चिखल साचला, बेडूक बसला, काहीही होतं. पातळी एकाच जागी स्थिर दिसते. माणसाला कळतं की असं असूच शकत नाही. यंत्राला कोण सांगणार?

ओघळ

काका, तुमचा एकेक प्रश्न एकेका प्रबंधाचा विषय आहे. तरी प्रयत्न करतो.

पहिला. नवीन फार नाही, खरंय. तुम्ही डोक्यात जे करत होतात ते एमपीसीच होतं. मॉडेल डोक्यात, अंदाज चिठ्ठीवर, आणि पातळी बघून दुरुस्ती. फरक पडतो तो टप्पे वाढले की. वीस टप्पे, पस्तीस फाटे, आणि मध्येच एकाने मागणी रद्द केली तर कुठलं दार किती आणि कधी, हे एका डोक्यात मावत नाही. फ्रान्समधल्या कानाल द प्रोव्हान्सवर मागणीचा अंदाज धरून मध्यवर्ती नियंत्रण १९७० च्या दशकापासून चालतंय, तेही याच अडचणीतून आलं.

दुसरा. दाराच्या हालचालीलाच दंड लावतो. पातळी एक सेंटीमीटर सुधारण्यासाठी दार हलवणं परवडत नसेल तर नियंत्रक गप्प बसतो. अगदी बारीक हालचाल तर देतच नाही. बऱ्याच ठिकाणी एमपीसी थेट दाराला हात लावतच नाही. तो फक्त 'इथून इतका विसर्ग जाऊ दे' म्हणतो आणि दारावरचा साधा स्थानिक नियंत्रक तो विसर्ग सांभाळतो. संपर्क तुटला तरी तो खालचा गडी आपलं काम करत राहतो.

तिसऱ्याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. मॉडेल म्हणतंय पातळी पाच सेंटीमीटर चढायला हवी आणि मापक म्हणतंय जागची हलली नाही, अशी तफावत सलग दिसली की ते वाचन वापरायचं नाही आणि माणसाला उठवायचं. पण बेडूक ओळखणारं सॉफ्टवेअर अजून पाहिलं नाही.

प्रश्नचिन्ह

कालव्याचं समजलं, सकाळची मागणी आदल्या रात्री माहीत असते. धरणाचं काय? तिथे तर येवा (धरणात येणारं पाणी) पावसावर, आणि पावसाचा अंदाज चुकतो. चुकीच्या अंदाजावर धरण रिकामं केलं आणि पाऊसच आला नाही तर?

ओघळ

कळीचा प्रश्न. आधी अंदाज वापरला नाही तर काय होतं ते बघू.

धरणात पुरासाठी ५० दलघमी (दशलक्ष घनमीटर) जागा रिकामी आहे. पुढच्या तीन दिवसांत १२० दलघमी येवा येणार असा अंदाज आला. खालच्या नदीत ३०० क्युमेकपेक्षा जास्त सोडलं तर वस्तीत पाणी शिरतं. ३०० क्युमेक म्हणजे दिवसाला साधारण २६ दलघमी. आजपासून सोडायला लागलो तर तीन दिवसांत ७८ जातील, ४२ साठतील, ५० च्या जागेत बसतील. 'बघू या, पाऊस पडतोय का ते' म्हणून एक दिवस थांबलो तर दोन दिवसांत ५२ जातील आणि ६८ साठवायची वेळ येईल. जागा ५० ची. उरलेले १८ सांडव्यावरून नदीला झेपेल त्यापेक्षा जोरात जाणार. एका दिवसाची किंमत २६ दलघमी.

दुसरी बाजू कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो तलावाने दाखवली. डिसेंबर २०१२ मध्ये जोरदार वादळाने तलाव भरला. नियमवक्र (कुठल्या तारखेला किती साठा ठेवायचा याचा ठरलेला आलेख) म्हणत होता की हिवाळ्यात इतकी जागा रिकामी हवी, म्हणून पाणी सोडून दिलं. त्यानंतर पाऊस गेला तो गेलाच. २०१३ हे कॅलिफोर्नियाच्या नोंदींतलं अतिशय कोरडं वर्ष ठरलं आणि तलाव तळाला गेला. ठरलेला वक्र तारीख बघतो, आभाळ बघत नाही. यातूनच तिथे 'अंदाजावर आधारित जलाशय परिचालन' हा प्रयोग उभा राहिला: पुढच्या काही दिवसांत मोठं वादळ दिसत नसेल तर पाणी धरून ठेवायचं, दिसलं तर वेळेत सोडायचं. हा शब्दशः एमपीसी नाही, पण पुढे बघून ठरवायचं आणि रोज नव्याने ठरवायचं, गाभा तोच.

आणि अंदाज चुकला तर? 'फक्त पहिली हालचाल खरी' हा नियम इथे कामाला येतो. तीन दिवसांचा विसर्ग आज ठरवून मोकळं व्हायचं नसतं. आज सहा तासांचा सोडला, संध्याकाळी नवा अंदाज आला, पाऊस दुसरीकडे वळलाय, तर दार आवळलं. नुकसान सहा तासांच्या विसर्गाचं.

संख्यासुर

थोडं खोडतो. 'चुकला तर बदलू' हे निम्मंच खरं. सोडलेलं पाणी परत आणता येत नाही. नव्याने ठरवण्यातून चुकीचा आकार लहान होतो, पण नियंत्रकाने एकच अंदाज ब्रह्मवाक्य मानला तर तो सतत एकाच दिशेने चुकू शकतो.

युरोपीय मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्राकडून एकाच वेळी ५१ अंदाज मिळतात, सुरुवातीची स्थिती किंचित बदलून चालवलेले. बरेच अभियंते त्यांची सरासरी काढून नियंत्रकाला देतात. माझ्या मते हा गुन्हा आहे. समजा निम्मे अंदाज म्हणतात २०० मिलिमीटर आणि निम्मे म्हणतात शून्य. सरासरी १००. असा पाऊस त्या ५१ पैकी एकानेही सांगितलेला नाही! आणि १०० मिलिमीटर धरणात आरामात मावतो, म्हणून नियंत्रक निवांत.

बरं, प्रत्येक अंदाजासाठी वेगळा उत्तम क्रम काढला तरी उपयोग नाही. आत्ता दार एकच आहे, ५१ नाहीत. म्हणून झाड बांधतात. आत्तापासून चोवीस तास सगळ्या शक्यतांना एकच निर्णय सक्तीचा. चोवीस तासांनी वादळ कुठे वळलं हे कळेल, तिथे फांद्या फुटू द्यायच्या आणि पुढे प्रत्येक फांदीला आपापला निर्णय. मग नियंत्रक आपसूक सावध वागतो. आज थोडं सोडतो, सगळं नाही, कारण उद्या जास्त कळणार आहे हे त्याला 'माहीत' असतं. डेल्फ्टमध्ये यावर बरंच काम झालंय.

पाणकावळा

म्हणजे ५१ ज्योतिषी, आणि कुणाचंच पूर्ण ऐकायचं नाही. हे आमच्या घरी लग्न ठरवताना केलं असतं तर बरं झालं असतं.

निवळशंख

पाणकावळा =)) =))

संख्यासुर, फांद्या कुठे फोडायच्या हे कोण ठरवतं? म्हणजे 'वादळ कुठे वळलं ते कळेल' ही वेळ?

संख्यासुर

अंदाजांमधलं अंतर मोजमापांच्या चुकीपेक्षा मोठं झालं की. आज येव्याचे ५१ आलेख एकमेकांवर पडलेले असतील तर प्रत्यक्ष नोंद बघूनही तुम्ही कुठल्या आलेखावर आहात ते सांगता येणार नाही. ज्या क्षणी ते सुटे होतात तिथे फांदी. लवकर फोडली तर नियंत्रक फाजील आत्मविश्वासाने वागतो, उशिरा फोडली तर उगाच घाबरट.

किनारा

समुद्राकाठचं उदाहरण देतो, कारण तिथे ही पद्धत डोळ्यांनी दिसते. नेदरलँड्समध्ये आयमाउडनला नॉर्थ सी कालव्याचं तोंड आहे. कालव्याची पातळी त्यांच्या संदर्भपातळीच्या ४० सेंटीमीटर खाली राखायची असते. ओहोटीला समुद्र त्याखाली गेला की दारं उघडून पाणी फुकट बाहेर. भरतीला पंप, एकूण क्षमता २६० क्युमेक, विजेचं बिल प्रचंड.

साधा नियंत्रक काय करेल? पातळी चढली की पंप सुरू. पण दोन तासांनी ओहोटी येणार हे पंचांगासारखं ठाऊक असताना आत्ता वीज जाळण्यात काय अर्थ? एमपीसी पातळीला थोडी चढू देतो आणि ओहोटीत फुकट काढतो. उलट मोठा पाऊस येणार आणि वाऱ्याने समुद्र फुगणार, म्हणजे पुढची ओहोटी वाया जाणार, असं दिसलं तर आधीच पातळी उतरवून ठेवतो. वीज दर तासाला वेगळ्या भावाने मिळत असेल तर तेही गणितात घालता येतं.

एक मात्र आहे. असं वागताना नियंत्रक मधूनच 'चुकीचा' दिसतो. पाऊस नाही, पातळी ठीक, तरी पंप सुरू! पाळीवरचा माणूस तो बंद करतो. कारण स्क्रीनवर फक्त 'पंप ३ चालू' लिहिलेलं असतं. पुढच्या बारा तासांचा आलेख आणि 'हे का' हे शेजारी दाखवलं तर माणसं हात लावत नाहीत.

गेज_वाचक

हे पटलं. कारण न सांगता हुकूम आला की आम्हीही असंच करायचो.

आता माझा खरा प्रश्न. ओघळ, तुम्ही 'दंड' म्हणता. पाणी कमी पडलं तर दंड कुणाच्या वाट्याचा किती, हे कोण ठरवतं? कालव्यावर भांडण पाण्याचं नसतं, टेलला (कालव्याच्या शेवटच्या टोकाला) कमी का याचं असतं.

ओघळ

काका, याच प्रश्नासाठी हा धागा काढला होता, आणि कुणी विचारेल की नाही याची धाकधूक होती.

दंडाचं सूत्र साधारण असं असतं: प्रत्येक टप्प्याची ठरलेल्या पातळीपासूनची चूक घ्या, तिचा वर्ग करा, त्या टप्प्याच्या वजनाने (तो किती महत्त्वाचा, त्या आकड्याने) गुणा, सगळ्यांची बेरीज. वर्ग का, तर गणित सोपं होतं, सॉल्व्हर झटकन उत्तर देतो. पुस्तकं इथेच थांबतात.

पण वर्ग करण्याचा परिणाम बघा. दोन टप्प्यांत मिळून २० सेंटीमीटर तुटवडा वाटायचाय. दोघांना १०-१० दिला तर दंड १०० अधिक १००, म्हणजे २००. एकालाच २० दिला तर ४००. नियंत्रक समान वाटप करेल. आता वर्गाऐवजी नुसती चूक बेरजेत धरा. १०-१० चा दंड २०, आणि २०-० चाही २०. नियंत्रकाला दोन्ही सारखेच. मग तो सोयीचं करेल, आणि सोयीचं म्हणजे जवळजवळ नेहमी टेलला कोरडं ठेवणं, कारण तिथवर पाणी न्यायला सगळ्यात जास्त दारं हलवावी लागतात आणि हालचालीलाही दंड आहे. कुणीही टेलवर अन्याय करायचा ठरवलेलं नव्हतं. कुणीतरी दुपारी चार वाजता वर्गाचं चिन्ह खोडलं एवढंच.

वजनांचंही तेच. शहराच्या टप्प्याला १० आणि शेताच्या टप्प्याला १ दिलं, तर तुटवड्याच्या दिवशी शेताचा तुटवडा शहराच्या दहापट होईपर्यंत नियंत्रक शहराला पुरवत राहणार. हे बरोबर असेलही! पण हा निर्णय बैठकीत झालेला नसतो. तो एका फाइलीत असतो, आणि ती फाइल माझ्यासारख्याने पातळीचे आलेख गुळगुळीत दिसेपर्यंत आकडे चाळवून बनवलेली असते. मी स्वतः असं केलंय. 'ट्यूनिंग' म्हणतो आम्ही त्याला.

म्हणून हल्ली मी वजनं हा प्रकारच टाळतो आणि क्रम लावतो. आधी फक्त सुरक्षेचा प्रश्न सोडवा: पूर, बांध फुटणं. मिळालेलं उत्तर न बिघडवता दुसरा: पिण्याचं पाणी. मग तिसरा: सिंचन. शेवटी वीज आणि दारांची झीज. गणित तीन-चारदा करावं लागतं, पण क्रम कागदावर मराठीत लिहिता येतो आणि कुणीही त्यावर भांडू शकतं. '१० की ८' यावर कोण भांडणार?

प्रश्नचिन्ह

आणि सगळं करूनही पूर आला तर जबाबदार कोण? अंदाज देणारा, सॉफ्टवेअर लिहिणारा, की दार उघडणारा?

संख्यासुर

यावर कोर्टात लढाई झालीय. जानेवारी २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला पूर आला, वर व्हिवनहो धरण. वादाचा गाभा हाच होता: अंदाजातला पाऊस धरून आधी पाणी सोडायला हवं होतं, की जमिनीवर पडलेला पाऊसच धरायचा? २०१९ मध्ये निकाल पूरग्रस्तांच्या बाजूने लागला. २०२१ मध्ये अपिलात धरण चालवणाऱ्या संस्थेच्या बाजूने फिरला. दहा वर्षं आणि दोन उलटे निकाल.

यातून चालकाने काय शिकायचं? नियमपुस्तक पाळलं तर बचाव आहे, अंदाजावर चाललं आणि चुकलं तर नाही. मग एमपीसी कितीही चांगलं असो, पुरातल्या धरणावर तो 'सल्लागार' म्हणूनच राहणार, नियमपुस्तकातच त्याला जागा मिळत नाही तोवर. सांडपाण्याच्या गटारजाळ्यात तो जास्त लवकर रुळला, उदाहरणार्थ कॅनडातल्या क्युबेक शहरात १९९९ पासून. तिथे चुकीची शिक्षा म्हणजे नदीत थोडं जास्त घाण पाणी, माणसं वाहून जात नाहीत.

निवळशंख

क्षितिजाच्या, म्हणजे नियंत्रक जितकं पुढचं बघतो त्या काळाच्या, टोकाचं काय करता तुम्ही लोक? आमच्याकडे प्रक्रिया एक-दोन तासांत स्थिरावते, म्हणून टोकाची फिकीर नसते. धरणाला तर स्थिरावणं नाहीच.

ओघळ

अहो, तो तर विनोदच आहे. जलविद्युतच्या एका मॉडेलला मी पहिल्यांदा दहा दिवसांचं क्षितिज दिलं. 'जास्तीत जास्त वीज कर' म्हणालो. त्याने दहाव्या दिवशी धरण मृत साठ्यापर्यंत रिकामं करून दाखवलं. त्याच्या लेखी अकराव्या दिवशी जग संपणार होतं, पाणी कुणासाठी ठेवायचं? क्षितिज रोज पुढे सरकतं म्हणून तो दहावा दिवस कधी उजाडत नाही, पण रोज थोडं जास्त सोडण्याची ओढ राहतेच.

उपाय म्हणजे टोकाला उरलेल्या पाण्याला भाव लावायचा. तो भाव हंगामाच्या हिशोबातून काढावा लागतो, आणि त्यासाठी वर्षभराचं वेगळं, ढोबळ मॉडेल. म्हणजे लांबचं बघणारा एक आणि जवळचं बघणारा एक, असे दोघं लागतात.

गेज_वाचक

एक प्रयोग करून सांगा. तुमच्या मॉडेलला उशीर ४० मिनिटं सांगा, आणि खऱ्या कालव्यात तो तेवढा नसू दे. आमच्याकडे कधीच तेवढा नसायचा.

ओघळ

काल रात्री केला. पाणी कमी असताना वेग ०.६ वरून ०.४ वर येतो असं धरलं, म्हणजे बदल सरकण्याचा वेग सेकंदाला ०.६७ मीटर, खरा उशीर ६० मिनिटं. नियंत्रकाच्या डोक्यात मात्र ४०.

त्याने दार सात वीसलाच उघडलं. आठ वाजता पाणी आलं नाही. पुढच्या २० मिनिटांत पातळी ५ सेंटीमीटर घसरली. इथवर साधी वजाबाकी. गंमत त्यानंतर झाली. ४० मिनिटं उलटली तरी पाणी नाही, म्हणजे वाटेत हरवलं असं समजून त्याने दार आणखी उघडलं. आठ वीसला पहिलं पाणी पोचलं, पाठोपाठ ते जादाचं पोचलं, आणि पातळी ठरलेल्या रेषेच्या वर गेली. मग त्याने आवळलं, तेही उशिरा पोचलं. दुपारपर्यंत झोके.

दाराच्या हालचालीवरचा दंड वाढवल्यावर झोके थांबले, पण ती पहिली घसरण राहिली. विसर्गाप्रमाणे उशीर बदलणारा तक्ता दिल्यावर दोन्ही गेले. काका, ऋणी आहे.

गेज_वाचक

तो तक्ता आमच्या वहीत होता. रात्री पाणी कमी असलं की जड चालतं, हे आम्ही काठाने कंदील घेऊन चालत मोजलं होतं.

आता एवढंच करा. दाराला 'दोन सेंटीमीटर उघड' म्हटलं की ते दोनच उघडतं असं तुमच्या मॉडेलने धरलं असणार. आमचं तीन नंबरचं दार आधी हलायचंच नाही, आणि हललं की एकदम पाच उघडायचं. तेही घालून बघा आणि काय होतं ते इथे लिहा.